परगावी राहून आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाला पाठिंबा द्यायचा तो कसा?

करवीरकर (धागालेखक) :

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ पेठेचा असतो, आणि पेठेचा म्हणजे तालमीचा असतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला जो राजाश्रय दिला, त्या काळात पेठापेठांतल्या तालमी बहरल्या, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि पुढे याच तालमी गणेशोत्सव, शिवजयंती, अडल्यानडल्याची मदत आणि फुटबॉल या सगळ्यांचे ठिकाण झाल्या. त्यामुळे पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे बाहेरच्या माणसाला आखाड्यांची वाटतात. आम्हाला मात्र ती ऐकली की आधी राजर्षी शाहू स्टेडियमची गॅलरी डोळ्यांपुढे येते. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ असे संघ आहेत, आणि या सर्वांना एका चौकटीत बांधणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, १९४० पासून आहे.

मी शिवाजी पेठेतला, खंडोबा तालमीचा समर्थक. नोकरीच्या निमित्ताने गेली अनेक वर्षे जर्मनीत स्टुटगार्ट येथे राहतो. हंगाम सुरू झाला की स्थानिक वाहिन्या यूट्यूबवर सामने थेट दाखवतात, त्यामुळे पाहण्याची अडचण आता उरलेली नाही. दुपारी चारचा सामना हिवाळ्यात आमच्याकडे साडेअकराला सुरू होतो, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी येथील घड्याळे तासभर पुढे गेली की तोच सामना साडेबाराला येतो. लीग संपून चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा ऐन रंगात आलेल्या असतात तेव्हाच हा बदल होतो, म्हणून नव्याने परदेशी गेलेल्यांनी तो लक्षात ठेवावा.

माझा प्रश्न पाहण्याच्या पुढचा आहे. गावापासून दूर असलेल्या समर्थकाने संघासाठी नेमके काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये? आपल्या फुटबॉलचा जीव ईर्षेत आहे हे मी मान्य करतो. परंतु पेठेत राहणाऱ्या माणसाच्या ईर्षेला एक नैसर्गिक लगाम असतो. ज्याच्या संघाला त्याने गॅलरीतून दोन तास डिवचले, तो माणूस त्याच रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर शेजारी उभा असतो, दुसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानातून सामान आणायचे असते, आणि त्याच्या घरात आपली आतेबहीण दिलेली असते. हा लगाम आम्हा परगावच्या लोकांना नाही. आम्ही हजारो मैलांवरून एखादी जुनी चित्रफीत पुन्हा पसरवतो, पंचांच्या निर्णयावर जळजळीत ओळी लिहितो, प्रतिस्पर्धी पेठेला खिजवतो आणि झोपी जातो. ते वाचून तापलेली पोरे मात्र दुसऱ्या दिवशी गॅलरीत समोरासमोर येतात. सामन्यानंतर दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला, काही काळ स्पर्धाच थांबवावी लागली, असे प्रसंग कोल्हापूरने पाहिलेले आहेत. गुन्हा नोंद होतो तो विशी-बाविशीतल्या स्थानिक मुलावर. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागायला तो जातो तेव्हा त्या सामन्याची किंमत त्याला कळते. ज्याने दूरवरून काडी टाकली त्याला काहीही होत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, परगावच्या समर्थकाने गावात राहणाऱ्यापेक्षा अधिक संयमाने बोलले पाहिजे आणि अधिक नेमाने मदत केली पाहिजे. या मदतीचे स्वरूप काय असावे, यावर जाणत्यांनी लिहावे ही विनंती. इतर गावांच्या, इतर राज्यांच्या क्लबांचे समर्थक येथे असतील तर त्यांचेही अनुभव हवे आहेत.

मंगळवारपेठ :

करवीरकर, आपण समोरच्या पेठेतले असलात तरी आपल्या लिहिण्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी एका तालमीच्या संघाच्या व्यवस्थापनात बरीच वर्षे आहे, म्हणून मदतीविषयी आतून दिसणारे चित्र मांडतो.

बाहेरगावच्या समर्थकांचे पैसे आमच्याकडे येतात ते अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी किंवा विजयाच्या रात्री. अमुक खेळाडूने गोल केला तर त्याला इतके बक्षीस, विजयी मिरवणुकीसाठी इतके. या हौसेला मी नावे ठेवत नाही, कारण त्या पोराला मिळणारी शाबासकी खरी असते. परंतु संघाला पैसा लागतो तो पावसाळ्यात, जेव्हा कोणाचेही लक्ष फुटबॉलकडे नसते. गांधी मैदानात पाणी साठलेले असते, सरावासाठी दुसरी जागा शोधावी लागते, खेळाडू नोंदणीची तयारी करावी लागते, आणि मागच्या हंगामात गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला एखादा खेळाडू घरात बसून असतो. आमच्या बहुतेक स्थानिक खेळाडूंचे पोट फुटबॉलवर चालत नाही. कोणी एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, कोणी दुकानात, कोणी शिकत असलेला. अशा मुलाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया तालमीतल्या वर्गणीतून होते, आणि शस्त्रक्रिया झाली तरी पुढचे सहा ते नऊ महिने फिजिओथेरपी लागते, तिच्यासाठी मात्र पैसे उरत नाहीत. मग तो मुलगा लवकर मैदानात उतरतो आणि तोच गुडघा पुन्हा जातो. मी असे चांगले खेळाडू गमावलेले पाहिले आहेत. आपण दहा-पंधरा जणांनी मिळून जर दर महिन्याला ठरावीक रक्कम केवळ दुखापतीच्या निधीसाठी पाठवली, तर त्या निधीचे मोल कोणत्याही बक्षिसापेक्षा अधिक असेल.

दुसरे असे की बाहेरून, परदेशातून सुद्धा, खेळाडू आणण्याची चढाओढ वाढली आहे. त्यावर केएसएने नोंदणीचे नियम केलेले आहेत, पण मोह सुटत नाही, कारण समर्थकांना यंदाच चषक हवा असतो. दूरच्या लोकांकडूनच 'काय लागेल ते देतो, पण तगडा स्ट्रायकर आणा' असे निरोप येतात. त्याऐवजी तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या बुटांचे, चेंडूंचे आणि प्रशिक्षकाच्या मानधनाचे विचारा. पेठेतला पोरगा पेठेच्या संघात खेळताना पाहायला मिळावा म्हणूनच आपण एवढ्या लांबून जागे राहतो ना?

सांजवेळ :

मी मंगळवार पेठेतच वाढले आणि लग्नानंतर पुण्याला आले. येथे बहुतेकांनी गॅलरीच्या आठवणींनी हळवे व्हावे हे स्वाभाविक आहे, पण माझा अनुभव उलटा आहे, आणि तोही नोंदवला जावा असे वाटते. घरातले सगळे पुरुष स्टेडियमवर जात, आणि आम्ही मुली ओरडण्याच्या लाटेवरून गोल कोणाचा झाला असेल याचा अंदाज बांधत असू. गॅलरीतली भाषा आणि गर्दी पाहता आई-वडील आम्हाला पाठवत नसत. पूर्ण नव्वद मिनिटांचा सामना मी सलगपणे पाहिला तो पुण्यात, मोबाईलवर. आक्रमण उजव्या बगलेने का होते आहे, मधल्या फळीतला खेळाडू चेंडू न घेता नुसता धावून जागा कशी मोकळी करतो आहे, हे मला अंतरामुळे कळले. दूर असणे म्हणजे नेहमी काही तरी हरवणेच असते असे मला म्हणता येणार नाही.

परंतु त्याच थेट प्रक्षेपणाच्या शेजारी जे लिहिले जाते, ते वाचवत नाही. दोन पेठांच्या भांडणात आयाबहिणींचा उद्धार कशासाठी? आपल्या संघावर प्रेम करणाऱ्या कित्येक स्त्रिया, परगावी गेलेल्या लेकी, नातवाचा सामना पाहणाऱ्या आज्या हे सामने पाहत असतात. करवीरकर, आपण संयमाचे बोललात, तर त्याची सुरुवात येथून करावी. ज्या वाहिन्या सामने दाखवतात त्यांच्याकडे मनुष्यबळ कमी असते. परगावच्या दोन-चार समर्थकांनी, शक्य तर वेगवेगळ्या पेठांच्या, सामन्याच्या वेळी शेरे तपासून शिवीगाळ काढून टाकण्याचे काम मागून घ्यावे. ते जगात कोठूनही करता येते आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

आणखी एक. अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, तेव्हा कोल्हापुरात कोणी त्याची पेठ विचारली नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये ६ ऑक्टोबरला अमेरिकेविरुद्धचा तो सामना आपण ०-३ असा हरलो, तरीही सगळे शहर त्याच्या नावाने एक झाले होते. तो घडला तो कोल्हापूरच्या मातीत आणि नंतर पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. पुण्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी अशा शिकायला आलेल्या मुलांची विचारपूस करावी, सणावाराला घरी जेवायला बोलवावे. तेरा-चौदा वर्षांचे मूल घर सोडून राहते, त्याला गावच्या चवीचे दोन घास मिळणे हासुद्धा पाठिंबाच आहे.

मांडवीतीर :

मी गोव्याचा, सध्या मस्कतला असतो. आपणा कोल्हापूरकरांचा हेवा वाटतो, कारण आपला संघ बंद पडेल ही भीती आपल्याला नाही. माझा क्लब धेंपो. २००४-०५ आणि २००६-०७ च्या राष्ट्रीय लीग, त्यानंतर २००७-०८, २००९-१०, २०११-१२ च्या आय-लीग, अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे आम्ही आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली पाहिली. २००८ मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली, तेव्हा आखातातले आम्ही सगळे गोंयकार ताठ मानेने फिरत होतो. आणि मग २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. देशाच्या फुटबॉलची रचना ज्या पद्धतीने बदलली जात होती, तीत आपल्याला स्थान उरत नाही अशी त्यांची भूमिका होती, आणि मला ती आजही रास्त वाटते.

त्या काळात दूरच्या समर्थकाची जी कोंडी झाली ती सांगतो. गावातला माणूस गोवा प्रोफेशनल लीगचे सामने पाहायला म्हापशाच्या धुळेरला किंवा फातोर्ड्याला जाऊ शकत होता. क्लब त्याच्यासाठी डोळ्यांसमोर जिवंत होता. आमच्यासाठी मात्र राष्ट्रीय प्रक्षेपण थांबले आणि क्लबच दिसेनासा झाला. बरेच मित्र एफसी गोवाकडे वळले, त्यांना मी दोष देत नाही, कारण तोही गोव्याचाच संघ आहे. मी युवा संघांचे निकाल मागवून वाचत राहिलो. ज्या मुलांची नावे तेव्हा अठरा वर्षांखालच्या यादीत वाचली, त्यांतली काही पुढे वरच्या संघांत दिसली, आणि धेंपो २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला तेव्हा मला सगळे नव्याने ओळखून घ्यावे लागले नाही. मंगळवारपेठ यांनी लहान पोरांविषयी जे लिहिले, त्याला माझा हा दुजोरा समजावा. वरिष्ठ संघ दिसत नाही तेव्हा क्लब तरुण मुलांमध्ये असतो.

पहाटपाळी :

न्यू जर्सीहून लिहितो. आमच्याकडे चारचा सामना हिवाळ्यात पहाटे साडेपाचला आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर साडेसहाला असतो, त्यामुळे कामावर जाण्याआधी सामना उरकतो.

निधीच्या सूचनेबाबत एक गोष्ट वेळीच सांगणे आवश्यक आहे. परदेशी राहणाऱ्या पण भारतीय पारपत्र असलेल्या माणसाने आपल्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने भारतातल्या संस्थेला दिलेली रक्कम परदेशी योगदान नियमन कायदा, २०१० खाली परदेशी योगदान धरली जात नाही. परंतु ज्यांनी अमेरिकेचे किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी, ते ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारक असले तरी, परदेशी योगदानच ठरते, आणि त्या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला ती स्वीकारता येत नाही. आपण उत्साहाने पाठवलेल्या पैशामुळे तालमीचे पदाधिकारी अडचणीत येऊ नयेत. म्हणून निधी उभा करताना कोणाचे नागरिकत्व कोणते हे आधी पाहावे, रक्कम मंडळाच्या खात्यात जावी, कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यात जाऊ नये, आणि मंडळाने आपल्या लेखापरीक्षकाचा सल्ला घ्यावा. नागरिकत्व बदललेल्यांना करण्यासारखे काम सांजवेळताईंनी सांगितलेच आहे.

रांगडागडी :

सर्वांचे वाचले. मी बंगळुरूत असतो, जुना बुधवार पेठेतला. मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. संयम, निधी, शेरे तपासणे, हे सगळे योग्य आहे, पण या चर्चेचा सूर असा लागतो आहे की जणू ईर्षा हा एक आजार आहे आणि परगावी गेलेल्या सुशिक्षितांनी तो बरा करायचा आहे. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, कित्येक सामन्यांना मी येथे कांतीरवा स्टेडियमवर गेलो आहे. बंगळुरू एफसीचे समर्थक उत्तम आहेत, घोषणा उत्तम आहेत, आणि तरीही मला ते परके वाटते, कारण तेथे हरल्याचे दुःख मैदानाबाहेर येऊन संपते. आपल्याकडे पराभव आठवडाभर पेठेत राहतो. चहाच्या गाड्यावर, तालमीच्या कट्ट्यावर, शाळेत पोरांच्या बाकावर त्याची चर्चा होते. त्या दुःखातूनच पुढच्या पिढीचा खेळाडू तयार होतो. सरकारी अकादमी नाही, मोठ्या उद्योगाचा पैसा नाही, आणि तरीही एका शहरातल्या सोळा संघांची वरिष्ठ लीग इतकी दशके चालते, ती ईर्षेवरच चालते. दगडाला माझा विरोध आहे, शिवीला विरोध आहे, डिवचण्याला नाही. दूर राहतो म्हणून मी डिवचायचेही नाही असे ठरले, तर मी समर्थक न राहता देणगीदार होईन, आणि ते मला नको आहे.

करवीरकर (धागालेखक) :

रांगडागडी, आपला आक्षेप मोलाचा आहे आणि त्यातला बराच भाग मला मान्य आहे. देणगीदार आणि समर्थक यांतला फरक आपण नेमका दाखवलात. येथे जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मतांचे बहुमत सभासदांच्या हाती राहावे असा लीगचा नियम आहे, आणि त्यामुळे क्लब सभासदांचा असतो ही भावना मला येथेही भेटते. तरी तालमीत माणूस आपला ठरतो तो मतामुळे नव्हे, तर मांडव घालताना, पुरात बोट ओढताना, खेळाडूला दवाखान्यात नेताना तो तेथे होता म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या मंडळांची पोरे एकत्र राबत होती. हे त्यांना शक्य झाले, कारण ती एकमेकांना नावानिशी ओळखत होती. आपण म्हणता ते डिवचणे याच ओळखीच्या आधारावर उभे आहे. म्हणून मी माझ्यापुरता असा नियम करतो की, जे वाक्य मी त्या माणसाला दूध कट्ट्यावर समोरासमोर म्हणेन, तेच दुरून लिहीन. डिवचणे त्यात बसते. पंचांच्या घरच्यांविषयी लिहिणे, खेळाडूच्या जातीवर किंवा रंगावर बोलणे, जुन्या मारामारीच्या चित्रफिती सामन्याच्या आदल्या रात्री फिरवणे हे त्यात बसत नाही.

दुखापत निधीबाबत मी आमच्या मंडळाशी बोलतो. आपण आपापल्या मंडळांशी बोलावे, कारण निधी पेठेनिहाय असणेच व्यवहार्य आहे. शेरे तपासण्याच्या कामासाठी मात्र सर्व पेठांची एकच यादी करू. माझे नाव घ्यावे. दुपारी दोनचा सामना असेल तर मला हिवाळ्यात सकाळी साडेनऊला बसता येते.

मंगळवारपेठ :

माझेही नाव घ्या. त्याच्या जोडीने आणखी एक काम सुचवतो, जे परगावच्या लोकांनीच करण्यासारखे आहे, कारण येथे हंगामात कोणाला वेळ नसतो. आपल्या लीगचे आणि चषकांचे जुने निकाल एका ठिकाणी मिळत नाहीत. ते स्थानिक दैनिकांच्या जुन्या अंकांत, मंडळांच्या स्मरणिकांत आणि घराघरांतल्या कात्रणांच्या वह्यांत विखुरलेले आहेत. येथे आम्ही कात्रणांची छायाचित्रे काढून पाठवू. आपण ती वाचून तक्त्यात भरावीत : तारीख, स्पर्धा, दोन्ही संघ, पूर्वार्ध आणि अंतिम गोलसंख्या, सामना टायब्रेकरवर गेला असल्यास त्याची नोंद, गोल करणाऱ्यांची नावे. जुन्या बातम्यांत बहुधा केवळ आडनाव असते आणि एका संघात तीन-तीन पाटील किंवा जाधव असतात, त्यामुळे ओळख पटवायला त्या काळचे खेळाडूच गाठावे लागतील. त्यांतले बरेच जण आता वयस्क आहेत, म्हणून सुरुवात सर्वांत जुन्या वह्यांपासून करावी. पहाटपाळी, आपल्याकडे तक्ता तयार करण्याचे कौशल्य असावे असे लिहिण्यावरून वाटते. नमुना आपण करून येथे टाकावा. सांजवेळताई, आपल्या माहेरी कात्रणे असतील तर पुढच्या खेपेस येताना काकांना विचारून पाहावे, आणि छायाचित्रांच्या मागे नावे नसतील तर ती त्यांच्याकडून तेव्हाच लिहून घ्यावीत.